अलिशाच्या मनासारखं काम

कोलशेतजवळच्या जुन्या गावठाणात ख्रिस्ती घरात कुणी वारलं, की फादरच्या आधी जोसेफिनला बोलावणं जायचं. मयताला आंघोळ घालणं, जबडा बांधणं, सूट चढवणं ही सगळी कामं तिची. तिची लेक अलिशा सोबत जायची आणि आतल्या खोलीत रडणाऱ्या बाईशेजारी बसून राहायची. बोलायची काही नाही. तरी बाईचा हंबरडा हळूहळू उतरायचा. पोरीचा पायगुण चांगला, असं बायका म्हणायच्या. मयताच्या घरी पायगुण, आता बोला!

पुढे ही पोरगी तिथल्याच एका पंपाच्या कारखान्यात एचआरला चिकटली. हजेरी, रजा, ओळखपत्रांचे फोटो यांत अकरा वर्षं गेली. रविवारी दुपारपासूनच सोमवारच्या विचाराने तिला जेवण जायचं नाही. ती चौतीस वर्षांची असताना कंपनीने 'भावना ओळखा, करिअर घडवा' असं शिबिर ठेवलं. असल्या शिबिरांत समोसा तेवढा खरा असतो. पण तिथल्या बाईंनी एक वही दिली. रोज घरी निघताना लिहायचं, आज कुठल्या तासाला मन हलकं होतं. बाकीच्यांनी वह्या पोरांना दिल्या. अलिशा मात्र इमानाने लिहीत राहिली. दीड महिना रोज एकच शब्द: नाही.

मग प्रशांत नावाचा वेल्डर टाकीत गुदमरून गेला. शहाडला त्याच्या घरी जाऊन सांगायला साहेबलोकांपैकी कुणी धजेना. अलिशा गेली. प्रशांतच्या बायकोला तिने काहीही न लपवता सांगितलं आणि पाच तास तिचा हात धरून स्वयंपाकघरात जमिनीवर बसली. निघताना तिने वहीत लिहिलं, 'आज. दोन ते सात.' आणि स्वतःचीच तिला भीती वाटली. पण दोन दिवसांनी उलगडा झाला. माणूस मोडून पडतं तेव्हाच आपण कुणाच्या उपयोगी पडतो, बाकी सगळा नुसता टाइमपास.

खडवलीला सिस्टर्सचं एक घर होतं. डॉक्टरांनी हात टेकलेले कॅन्सरचे पेशंट तिथे शेवटचे दिवस काढत. अलिशा बघून आली. एक तारखेपासून या, असं तिथल्या सिस्टर म्हणाल्या. कित्येक वर्षांनी तिला पोटभर जेवण गेलं.

राजीनामा देताना ती एक चूक करून बसली. तिने मॅनेजर दौलत साहेबांना सगळं मनापासून सांगितलं. आईचं, वहीचं, शहाडचं. साहेबांनी मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाले, "अलिशा, प्लांट बंद होतोय. एकोणचाळीस माणसांना सांगायचंय. तू नाही सांगितलंस तर त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर कळेल. एवढं करून जा."

बिचारीला ते पटलं. तीन दिवस ती छोट्या केबिनमध्ये बसली. टेबलापलीकडे नाही, प्रत्येकाच्या शेजारी. सव्वीस वर्षं काम केलेल्या फिटर कुंडलिकने सगळं ऐकून टेबलाची कड घट्ट धरली. तिने घाई केली नाही.

"मॅडम," तो शेवटी म्हणाला, "दुसरं कोणी असतं ना, तर मी हे टेबल उलटं केलं असतं. तुम्ही होता म्हणून..." दोन्ही हातांनी तिचा हात धरून तो निघून गेला.

गेटवर युनियनने माईक लावला होता. बोलायला कुणी थांबलंच नाही.

"एक घोषणा नाही, एक दगड नाही!" दौलत साहेब खुशीत होते. "आपले अजून चार प्लांट बंद व्हायचेत. तूच करायचं सगळीकडे. पोस्ट देतो."

घरी जोसेफिन बोंबील साफ करत होती. अलिशाने सांगितलं तशी ती थांबली.

"बाय, मी मेलेल्यांना न्हाऊ घालत होते. मारायला नव्हते जात."

अलिशाला ते लागलं. ती ओट्यापाशी उभी राहून मनात शरम शोधू लागली, अगदी शिबिरात शिकवल्यासारखी, इमानाने. शरम असायला हवी होती. पण आत सगळं हलकं होतं, शहाडहून परतताना होतं तसंच. त्या विधवेचा हात आणि कुंडलिकचा हात, मनाला काही फरक कळला नव्हता. आणि खडवलीत तर एकोणचाळीस माणसं यायला वर्ष लागलं असतं. हा हिशेब आपल्या मनात आला कसा, या विचाराने तिच्या अंगावर काटा आला. तरी तिने फोन उचलला आणि खडवलीला कळवलं, येत नाही.

सिस्टर जराही रागावल्या नाहीत. त्यांनी मायेने विचारलं, "दुसरीकडे मिळालं का, मनासारखं?"

अलिशा हो म्हणाली. ते खोटं असतं तर बरं झालं असतं.