बोकडाला नाव नसतं

मंडळी, आज कन्हेरीला आमच्या शेळ्या बघायला बारामतीच्या शाळेतली पोरं आली होती. मी चारा, दूध, लसीकरण सगळं पाठ करून ठेवलेलं. त्यांना फक्त नावं हवी होती. ही चंद्री, ही मैना.

"आणि हा?" एका मुलीनं बोकडाकडं बोट दाखवलं.

मी विषय बदलणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "बोकडाला नाव देत न्हाय बाळा आमी. मोठा झाला की इकायचा असतो."

ती मुलगी म्हणाली, "मग आहे तोवर राजा म्हणू?"

सासूबाईंनी त्याला चारायला शेवरीची डहाळी तिच्या हातात दिली.

संध्याकाळी गोठ्यातून सासूबाईंचा आवाज आला, "राजा, सरक तिकडं."

तुम्ही कधी विकायच्या जनावराला नाव दिलंय? मग पुढं काय केलंत?