आबांचा चुना

वाणसामानाच्या पिशवीतून चुन्याची ट्यूब निघाली, की मला आमच्या शिरूरच्या घरातली खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आणि सासरे आठवतात. नवऱ्यानं हौसेनं वाढवलेल्या जिवंत पोवळ्याभोवती बारकी तपकिरी समुद्रफुलं, म्हणजे फुलासारखे दिसणारे डंख मारणारे जीव, माजली होती आणि त्यांच्या डंखानं पोवळं पांढरं पडत चाललं होतं. मी दर रविवारी ती चिमट्यानं उपटायची आणि मोजून वहीत लिहायची. अकराची सव्वीस झाली, तेव्हा कवठ्याहून आलेले सासरे खुर्ची ओढून टाकीपुढं बसले. "पोरी, ही हरळी हाय. जेवढी तोडशील तेवढी फुटंल." "मग आबा, खुरपं आणू?" "खुरपं नगं, सिरींज आन." त्यांनी पंप बंद करायला लावला, तंबाखूच्या डबीतला चुना पाण्यात कालवला आणि बिनसुईच्या सिरींजनं एकेका फुलाच्या तोंडात सोडला. त्यांचा हात जरासुद्धा हलला नाही. डबी रिकामी झाल्यावर म्हणाले, "आता लिही तुझ्या वहीत, आबाला चुना आणायचा." चुन्यानं समुद्रफुलं मेली आणि महिन्याभरात पोवळ्याला कडेनं गुलाबी रंग चढला. आबा जाऊन तीन वर्षं झाली, घरात तंबाखू कुणी खात नाही. पण वहीतून वाणसामानाच्या यादीत उतरवलेली ती ओळ मी अजून खोडलेली नाही.