खिळ्याला टांगलेलं गाव

शाळेचा पट विसाच्या खाली गेला तर शाळा बंद, पोरं नाल्यापलीकडच्या गावी, असं वरून आलं होतं. "गाडी लावू ना," म्हणे! मी इथली शिक्षिका, मूळची आरमोरीची, तोंडाने फटकळ. साहेबांना म्हटलं, पावसात नाला भरला की गाडी काय पोहत येणार? पोरं घरीच बसतील, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मार्चमध्येच रजिस्टर काखेत मारून पुढच्या वर्षाची पोरं नोंदवायला घरोघर निघाले.

तर अर्ध्या गावाला कुलपं! माणसं पोराबाळांसकट तेलंगणात मिरची तोडायला गेलेली. असा संताप आला! शेवटच्या घरासमोर, निळ्या झेंड्याखाली, एक म्हातारी मोहफुलं वाळवत बसली होती. तिच्यावरच डाफरले, "आजी, गाव तर रिकामं झालं!"

"रिकामं काऊन होईन? इकडे ये."

दाराआड भिंतीत मोठा खिळा होता आणि त्याला चाब्याच चाब्या. कुणाला चिंधी, कुणाला सुतळी, एकीला बाटलीचं बूच. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ती बोटांनी चाचपत सांगू लागली. "हे गोंडाचं घर. सहा माणसं, दोन पोरी शाळेतल्या. हे बंगाल्याचं, त्याचा बारका यंदा पहिलीत बसन. हे तेलगू बोलते ना, त्याची सून पोटुशी हाये. थे आत्ता नको लिवू."

मी लिहीत राहिले. चार वर्षं या गावात शिकवत होते, पण एवढं गाव मला एका जागी कधी दिसलं नव्हतं.

"कुलपं पहिल्यापासून हायेत का?"

"पहिले दाराले बांबूच्या ताट्या होत्या. चोरून नेईन असं घरात होतं काय? टीवी आला, फटफटी आली, तं कुलूप आलं."

"अन् चाबी तुझ्याचकडे काऊन?"

ती खळखळून हसली. "मी नवरी होऊन आली तेव्हा आमच्या घरचं पाणी नाई पेत होते लोकं. आता घर सोपवून जाते."

आज काय भाजी केली हे सांगावं, तशी बोलली. मी पुढची चाबी तिच्या बोटांत दिली.

गावात राहिलेली आणि परतणारी धरून एकूण पोरं भरली एकोणीस. एक चाबी उरली होती, गंजलेली.

"थे माह्या पोराची," आजी म्हणाली. "घुग्घुसले गेला खाणीवर, पाच वर्सं झाले. बाजूचं घर त्याचंच. त्याची पोरगी साहा वर्साची हाये."

मी लगेच पेन टेकवलं. "आजी, लिहून टाकते तिला. वीस होतात. कोण पाहायला येतं?"

तिने माझं मनगट धरलं. बाप रे, काय पकड होती! "नको, बाई. थे तिकडच्या शाळेत जाते. खोटं लिवलं तं लोकं मले चाब्या काऊन देतीन?"

मला तिचा राग आला आणि स्वतःची लाजही वाटली. एकोणीसवर रजिस्टर मिटलं.

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी साहेब अकराला पट तपासायला येणार होते. मिरचीवाले सगळे परतले होते. एकोणीसच्या एकोणीस पोरं समोर बसलेली, आणि मी त्यांना धड काही शिकवू शकत नव्हते. कोणत्या तोंडाने सांगणार होते त्यांना?

साडेदहाला काठी टेकत आजी दारात आली. हाताला नव्या गणवेशातली एक पोर, घामाघूम झालेली.

"आणली घुग्घुसहून," आजी म्हणाली. "तिकडच्या शाळेचा दाखला बी आणला. सून लय रडली. मी पोराले म्हटलं, शाळा गेली तं गाव जाईन. मंग तू वापस येशीन कुठी?"

पोरीच्या गळ्यात काळा दोरा होता आणि दोऱ्यात ती गंजलेली चाबी.

"आता लिव," आजी म्हणाली.