न ऐकलेला शेवट

मुलांनो, आज द्राक्षं धुताना फवारणीच्या औषधाचा उग्र वास आला आणि सुरगाण्याकडच्या शाळेतली माझी विद्यार्थिनी यमुना आठवली. तिच्या नववीच्या वर्गात मी रोज थोडी गोष्ट वाचून दाखवायची आणि ती ऐन रंगात आली की पुस्तक मिटायची. एकदा तास संपल्यावर यमुना म्हणाली, "बाई, उद्यापासून मी नाय येणार. आईबरोबर द्राक्षतोडणीला चालले."

"मग बस, शेवट आत्ताच वाचून दाखवते."

"नको बाई. गोष्ट बाकी हाय म्हटलं, की आई परत पाठवील."

मला हसू आलं. मी पुस्तक कपाटात ठेवलं. द्राक्षांचा हंगाम सरला, यमुना आली नाही.

आता वाटतं, पुस्तकच तिच्याजवळ द्यायला हवं होतं. शाळेचं पुस्तक परत करायला तरी आईने तिला पाठवलं असतं.