सदतीस नंबरचा ठिपका

"हात धुतले का?" विभागप्रमुख सरांनी प्रयोगशाळा पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर विचारलं.

मी हात पुढे केले. खरंच केले. एम.एस्सी. झालेली पंचवीस वर्षांची बाई मी, शाळेतल्या पोरीसारखे तळवे उलटेसुलटे करून दाखवले. सरांच्या दोन संशोधक विद्यार्थ्यांना असं कोणी कधी विचारलं नाही. त्यांच्या बोटांना समोशाचं तेल असायचं.

नागपुरातल्या एका कॉलेजात, पदार्थविज्ञान विभागात मी मदतनीस होते. आमच्या घराने छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी मायच्या कडेवर होते. वस्तीत एवढी शिकलेली मी पहिलीच.

लांबच्या वेधशाळेतून आकाशाचे फोटो यायचे, काचेवर घेतलेले. निगेटिव्हसारखे : आकाश पांढरं, तारे काळे. काच उजेडाच्या पेटीवर ठेवायची, भिंगाला डोळा लावायचा. धूसर ठिपका, म्हणजे बहुधा दूरची दीर्घिका, दिसला की मागच्या बाजूने शाईने गोल काढायचा, नंबर टाकायचा, वहीत लिहायचं. गोल सरकला तर ओल्या कापसाने पुसून परत काढायचा. डोळ्यांतून पाणी यायचं. तरी आवडायचं मला ते काम. फार आवडायचं.

त्या दिवशी पाहुण्यांसमोरच सरांनी माझी काच उचलली.

"हा सदतीस नंबर काय आहे?"

"सर, मले वाटते, ही दीर्घिका आहे."

"मले वाटते!" सरांनी नक्कल केली. पाहुणे हसले. "अहो, डाग आहे हा. काचेवरचा डाग. पण काय करणार, जागा राखीव आहेत. नजर थोडीच राखीव मिळते!"

परत हसले सगळे. सरांनी कापूस माझ्यापुढे धरला. "पुसा."

मी गोल पुसला. याचीच मला आजही चीड येते. त्यांची नाही, माझी. मुकाट्याने पुसला.

घरी माय म्हणाली, "काहून रडून राहिली वं?"

मी सगळं सांगितलं. माय भाकर थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "ते हासले ते जाऊ दे. तो ठिपका खरा होता का नाही, हे तू पाह्यलं का?"

नव्हतं पाहिलं. रडण्यातच संध्याकाळ गेली होती.

सकाळी लवकर गेले. आकाशाच्या त्याच तुकड्याची, दुसऱ्या रात्री घेतलेली काच कपाटात होती. डाग असता तर एकाच काचेवर असता. मी भिंग लावलं. ठिपका तिथेही होता. त्याच जागी, तेवढाच.

सर आले. मी दोन्ही काचा पेटीवर मांडून ठेवल्या होत्या. त्यांनी वाकूनसुद्धा पाहिलं नाही.

"वहीत लिहा. सदतीस, डाग. खाली सही करा."

मी लिहिलं : 'ठिपका दोन्ही काचांवर आहे. सरांच्या सांगण्यावरून गोल पुसला.' खाली सही केली. पूर्ण नावाने.

"ही ओळ खोडा."

"नाही खोडणार."

"नोकरी नको आहे का?"

"पाहिजे. पण खोटं नाही लिहिणार सर."

दुसऱ्या दिवसापासून मला काचांना हात लावायची बंदी. सामानाच्या खोलीत बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम दिलं. तो ठिपका नक्की काय होता, ते मला आजवर कळलेलं नाही. कोणी पाहिलंच नाही तर कळणार कसं?

मी प्राचार्यांना अर्ज दिला. माझं काम परत द्या, नाहीतर काचांवरून काढल्याचं कारण लेखी द्या.

"कारण तोंडी कळलंय ना तुम्हाला?" ते म्हणाले. "कशाला कागद वाढवता?"

"मले कागदावरच पाहिजे."

दर सोमवारी मी त्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसू लागले. सहा सोमवार गेले. सातव्या सोमवारी शिपाई हळूच म्हणाला, "बाई, घरी जा. साहेब काही देत नाहीत."

मी उठले नाही. नोकरीवरूनही काढायचं तर काढा मला. पण का काढलं ते तुमच्या अक्षरात लिहा आणि खाली तुमचं नाव घाला. तोवर मी इथून हलत नाही.