साच्यात न बसणारं फंक्शन

अंबडला एमआयडीसीत मी ज्या छोट्या कंपनीत काम करतो, तिथे फळांची आणि भाज्यांची प्रतवारी करणारी यंत्रं बनतात. मुलगी शाळेत जायला लागल्यावर बायकोने पुन्हा नोकरी करायचं ठरवलं, तेव्हा आमच्याकडे जागा होती. आम्ही दोघं कॉलेजात एकाच वर्गात होतो. मीच सरांकडे, म्हणजे मालकांकडे, शब्द टाकला आणि ती रुजू झाली. मनात असं होतं, की इतकी वर्षं घरी होती, सुरुवातीला अडेल, मला विचारेल. पण विचारायची वेळ तिच्यावर आलीच नाही.

अडलो मी. पट्ट्यावरून जाणारा टोमॅटो कोणत्या क्रेटमध्ये पाडायचा, हे रंग आणि वजन बघून चिप ठरवते. ठरवणारं फंक्शन प्रत्येक फळाचं वेगळं, बाकी सगळं सारखं. म्हणून मी सारख्या भागाचा एक साचा लिहिला, ज्याला आम्ही टेम्प्लेट म्हणतो, आणि त्यात फळाचं फंक्शन बसवायचं ठरवलं. दर फळाला त्याचं फंक्शन शोधून बोलवायचं, अशा साध्या पद्धतीने केलं तर चिप मागे पडायची आणि टोमॅटो पुढे निघून जायचा.

माझ्या लॅपटॉपवर हे झकास चाललं. पण लिहिलेला कोड चिपला कळेल असा करून देणारा कंपायलर जुनाट होता, आणि त्या चिपसाठी दुसरा मिळत नव्हता. एका फाइलपुरतं ठेवलेलं फंक्शन तो साच्यात घेईना. सगळ्यांसाठी खुलं केलं, तर वेगवेगळ्या फाइलींतली एकाच नावाची फंक्शन्स एकमेकांवर आदळली. नावं बदलली, तर कंपायलर स्वतःच मध्येच बंद पडला. आठवडाभर मी हेच करत होतो. शेवटी सर म्हणाले, मॅडमना दाखवून बघा. मॅडम म्हणजे माझी बायको.

जेवणाच्या सुट्टीनंतर ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. थोडा वेळ नुसती वाचत राहिली.

“त्याला फंक्शन देऊच नको,” ती म्हणाली. “एक स्ट्रक्ट कर, फंक्शन त्याच्या आत ठेव आणि साच्यात स्ट्रक्टचं नाव दे. फंक्शन त्याला पचत नाही, टाइप पचतो.” स्ट्रक्ट म्हणजे आपणच नाव देऊन बनवलेली डबी; कंपायलरच्या लेखी तो एक टाइप, म्हणजे प्रकार.

चहाच्या आत काम झालं. वेगही तसाच राहिला. सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, मॅडमनी सोडवलं. मीही टाळ्या वाजवल्या.

घरी जाताना पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला तिने विचारलं, राग आलाय का. मी नाही म्हणालो, आणि ते खरं होतं. राग असता तर बरं झालं असतं. ऑफिसात दुसऱ्या कुणी मला असं मागे टाकलं असतं, तर घरी येऊन मी हिच्याकडेच त्याच्याबद्दल कुरकुर केली असती. आता कुणाकडे करणार?

यंत्राची चाचणी सायखेड्याच्या एका पॅकिंग शेडमध्ये होती. सरांनी तिला नेलं. मी ऑफिसात बसून, तिथले शेतकरी तिला काय काय विचारत असतील, ती कशी सांगत असेल, याचीच चित्रं बघत राहिलो. दुपारी तिचा फोन आला. टोमॅटो बरोबर पडत होते, पण डाळिंबं लावली की सगळी एकाच क्रेटमध्ये जात होती.

मी कोड उघडला. टोमॅटोच्या फाइलीत आणि डाळिंबाच्या फाइलीत तिने स्ट्रक्टला एकच नाव दिलं होतं. सगळे तुकडे जोडताना लिंकरने त्यातलं एकच ठेवलं होतं, एका शब्दाने तक्रार न करता. डाळिंबांना टोमॅटोचा नियम लागत होता. चूक सापडल्याचा मला आनंद झाला आणि ती तिची आहे याचा त्याहून जास्त.

मी फोन लावून सांगितलं. तिने तो स्पीकरवर टाकलेला होता.

“बरोबर आहे,” ती म्हणाली. मग सरांना म्हणाली, “चूक माझी होती. यानेच शोधली.”

इतकं सरळ. मी असतो तर आधी कंपायलरला दोष दिला असता. तिथेच तिने नावं वेगळी केली आणि डाळिंबं नीट पडायला लागली. माझ्या आनंदाचं मात्र काही उरलं नाही. आता मला तिच्या हुशारीचाच नाही, त्या मोकळेपणाचाही हेवा वाटत होता.

पुढे कांद्याच्या यंत्राचं काम निघालं आणि सरांनी ते सांभाळायला तिला विचारलं. मी तिच्या हाताखाली येणार होतो. रविवारी आम्ही मेथी निवडत बसलो होतो, तेव्हा तिने विषय काढला.

“तुला चालेल ना?”

“चालेल.”

“म्हणायला वेळ लागला.”

“लागला,” मी म्हणालो. मग बरीच मेथी निवडून झाल्यावर मी तिला सांगितलं, की मला तिचा हेवा वाटतो. ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली त्या दुपारपासून वाटतोय.

ती खाली बघत देठं खुडत राहिली.

“माहितीये मला,” ती म्हणाली. “मी घरी होते तेव्हा मला तुझा वाटायचा. रोज सकाळी तू डबा घेऊन निघालास की.”

मला हे कधी कळलंच नव्हतं. तो डबा तीच भरून द्यायची.

सोमवारी तिने सरांना होकार कळवला.