अर्धी किल्ली

"जहाज की आकडा?" असं विचारून तो नाणं उडवायचा आणि आपण तोंड उघडायच्या आत ते हाताखाली झाकायचा. कुवेतच्या नाण्यावर एका बाजूला जहाज असतं, दुसऱ्या बाजूला किंमत. जहाज पडलं की तो कागदावर एक लिही, आकडा पडला की शून्य. कुवेत शहरात, मिरकाब भागातल्या आमच्या खोलीत शुक्रवारी सकाळी हा उद्योग चालायचा. मी इस्पितळात लॅब टेक्निशियन, तो माझा खोलीतला सोबती. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा बाबा एकटाच जुगार खेळतोय.

"जुगार कसला? किल्ली बनवतोय," तो म्हणाला.

तुम्हीही म्हणाल, नाण्याने कसली किल्ली? अर्दियातल्या गोदामांची नोंद ठेवणाऱ्या एका कंपनीत तो प्रोग्रामर होता. कोणाचा कोणता माल कुठे पडलाय हे परक्याला कळू नये म्हणून ती माहिती कॉम्प्युटरमध्ये कुलूपबंद असायची. उघडायची तर गुप्त किल्ली हवी. किल्ली म्हणजे अक्षर-आकड्यांची एक लांबलचक ओळ. तो एक-शून्यांचे चार-चारचे गट पाडायचा, प्रत्येक गटाचं एक अक्षर नाहीतर आकडा करायचा, ओळ पाठ करायचा आणि कागद गॅसवर धरायचा. या नादात त्याने आमची आमटी कितीदा करपवली, विचारू नका.

"अरे, सरळ एखादा शब्द घे की," मी एकदा वैतागून म्हणालो.

"माणसाला निवडता येत नाही रे. निवडायला गेला की लेकीचं नाव निवडतो."

हा टोमणा त्याच्या मॅनेजरला होता. कंपनीचा नियम असा, की किल्ली एकाच्या हाती द्यायची नाही. अर्धी याने बनवायची, अर्धी मॅनेजरने. एकाने टाइप करताना दुसऱ्याने भिंतीकडे बघायचं. मॅनेजर पुण्याचा, बोलायला साखर. पण त्याच्या अर्ध्या किल्लीत दर वेळी मुलीचं नाव असे आणि ते अख्ख्या ऑफिसला ठाऊक होतं. थोडक्यात, खरं कुलूप होतं ते आमच्या या गड्याच्या अर्ध्या किल्लीचं.

सगळ्यांचे पासपोर्ट मात्र मॅनेजरच्या सलवा भागातल्या घरी, कपाटात. मागितला की "बुक्रा, बुक्रा." उद्या, उद्या. त्याचा उद्या कधी उजाडलाच नाही.

नव्वद सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाला संगमेश्वरहून तार आली. आई अत्यवस्थ, लगेच ये. याला आईशिवाय दुसरं कोणी नव्हतं. मॅनेजर म्हणाला, "हे बघा, किल्ली बदलायचं काम अर्धवट टाकून कसे जाल? सगळ्या नोंदी जुन्या किल्लीने उघडा, नव्या किल्लीने बंद करा. ते झालं की पासपोर्ट तुमच्या हातात." हा वेड्यासारखा कामाला लागला. एकेका गोदामात जाऊन तिथल्या मशीनपुढे बसायचा, जेवायलाही उठायचा नाही. काम संपायच्या आत दुसरी तार आली.

मी त्याच्याबरोबर सलवाला गेलो. मॅनेजरने आम्हाला दारातच उभं केलं. तार वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाला, "अरेरे. पण आता जाऊन तरी काय करणार? बुक्रा बोलू." आतून फोडणीचा वास येत होता. माझे हात शिवशिवत होते, खोटं कशाला बोलू! परतताना टॅक्सीत हा एवढंच म्हणाला, "याला मी सोडणार नाही."

मॅनेजर जुलैत सुट्टीवर पुण्याला गेला आणि ऑगस्टमध्ये इराकी फौजा आल्या. ऑफिस लुटलं जायच्या आत याने सगळ्या नोंदी असलेला मुख्य कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून खोलीवर आणला आणि तांदळाच्या पोत्यांमागे दडवला. सैनिक झडतीला आले तेव्हा हसतमुखाने म्हणाला, "टीव्ही घ्या, व्हिडिओ घ्या, पंखा घ्या." घेतलं त्यांनी. टीव्ही माझा होता!

आपली माणसं बसरा, बगदाद, अम्मान करत मुंबई गाठत होती. पासपोर्ट नसलेल्यांना वकिलातीतून कागद मिळत होते. मी इस्पितळासाठी थांबलो होतो. याला म्हटलं, "तू तरी जा बाबा. जीव वाचव."

"कोणाकडे जाऊ? आणि तो परत येणार. त्याला हे लागणार."

खुबूसच्या रोट्यांसाठी रांगा, वर बॉम्बहल्ले, आणि हा पठ्ठ्या पोत्यांना टेकून वाट बघत बसलेला. राग माणसाला इतकं तगवतो हे मी तेव्हा पाहिलं.

एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात मॅनेजर आमच्या खोलीवर आला. इराक्यांनी जाता जाता पेटवलेल्या तेलविहिरी अजून जळत होत्या, भर दुपारी दिवा लावावा लागे. गोदामांतली मशीनं लुटली गेली होती, व्यापारी नोंदी मागत होते आणि त्या मिळाल्या तरच कंपनी मॅनेजरला ठेवणार होती. त्याने पासपोर्ट टेबलावर ठेवला, पण वरचा हात काही उचलला नाही.

"सलवाचं कपाट शाबूत निघालं बघा. तुम्ही किल्ली टाका, हा घेऊन जा."

पुन्हा तोच सौदा! मला वाटलं, आता हा त्याचा गळा धरतो. हा म्हणाला, "बसा साहेब. चहा घ्या."

दोघांनी आपापली अर्धी किल्ली टाकली, एकमेकांकडे पाठ करून. पडद्यावर मालाच्या नोंदी भराभर उमटल्या. मॅनेजरने खूश होऊन पासपोर्ट पुढे सरकवला. याने तो खिशात घातला आणि पडदा बंद केला. अंधाऱ्या पडद्यापुढे त्याने काही बटणं दाबली. पुन्हा पडदा चालू केला तेव्हा मशीन घरघरत होतं.

"वेळ लागेल. बसा."

मॅनेजर बसला. दोन कप चहा प्यायला. "छान चाललंय," असंही म्हणाला. मशीन थांबल्यावर याने सांगितलं, "सगळ्या नोंदींची किल्ली बदलली, साहेब. नवी मशीनने स्वतःच बनवली. दाखवली, तेव्हा पडदा बंद होता. मला माहीत नाही, तुम्हाला नाही, कोणालाच नाही."

"म्हणजे? उघडा ना मग! अहो, माझी नोकरी जाईल. मुलीचं लग्न ठरलंय माझ्या!"

"अरेरे. पण आता उघडून तरी काय करणार?"

मॅनेजर रडला. खरंच रडला, माझ्या खुर्चीत बसून. मला दया आली नाही. आजही येत नाही. अशा लोकांची दया करणारे करोत, मला त्या सलवाच्या दारातली दुसरी तार दिसते.

संध्याकाळी याने बॅग भरली. मी खाली टॅक्सीपर्यंत गेलो. राहवलं नाही म्हणून विचारलं, "बरं वाटलं का रे?"

"नाही," तो म्हणाला. बॅग आत ठेवली. "मला वाटलं होतं, वाटेल."

काजळलेल्या रस्त्यावरून टॅक्सी गेली. त्याचं पत्र कधी आलं नाही. संगमेश्वरच्या त्याच्या घरी मी एकदा जाऊन आलो. शेजारीण म्हणाली, आला होता, आईचं अंथरूण उन्हात घातलं, संध्याकाळी आत घेतलं आणि दाराला कुलूप लावून गेला, तो परत आला नाही.